नॉमिनी आई, हक्क तिघींचा

मी कामगारांच्या कागदपत्रांना मदत करणाऱ्या एका छोट्या गटात काम करते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक परिसरातल्या कामगारांची कुटुंबं आमच्याकडे येतात. त्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण इथे लिहिते आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे. नावं, गाव आणि कारखाना दिलेला नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. प्रकरण २०२२ चं आहे, त्यामुळे कायदे तेव्हाचे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा आज असा प्रसंग आला तर कलमांचे क्रमांक नव्याने तपासून घ्यावे लागतील.

पार्श्वभूमी

मृत कामगार ३१ वर्षांचा होता. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात एप्रिल २०१६ पासून कायम नोकरीत. हातात येणारा आणि कापला जाणारा मिळून पगार १६,४०० रुपये, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता १२,००० रुपये. पीएफ याच १२,००० वर कापला जायचा. पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमाही लागू होता.

घरात विधवा आई, २६ वर्षांची पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. थोरला भाऊ त्याच गावात वेगळा राहायचा. नावावर जमीन नव्हती, म्हणून शेतकऱ्यांसाठीची अपघात योजना लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सेकंड शिफ्ट संपवून तो मोटरसायकलने गावाकडे निघाला. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. रस्त्याच्या कडेला अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली. सरकारी रुग्णालयात नेईपर्यंत तो गेला होता.

अडचण कुठे सुरू झाली

तेराव्यानंतर थोरले दीर कारखान्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने जुनी फाईल काढली. २०१६ साली नोकरीला लागताना भरलेल्या नॉमिनेशन फॉर्मवर आईचं नाव होतं. क्लार्क म्हणाला, "नॉमिनी आई आहे, सगळे पैसे आईलाच मिळणार. सूनबाईंना फक्त पेन्शन." एवढं एक वाक्य गावात पोचलं आणि घर दोन भागांत वाटलं गेलं. पत्नी मुलीला घेऊन माहेरी पैठण तालुक्यात निघून गेली. तिचे वडील वकिलाकडे जाऊन आले. दिरांनी आईचा अंगठा घेऊन एकट्या आईच्या नावाने दावा तयार केला.

त्याच ऑफिसात आणखी एक गोष्ट सांगितली गेली: अपघात रस्त्यावर झाला, कारखान्यात नाही, तेव्हा ईएसआयचा काही संबंध नाही. दोन्ही विधानं चुकीची होती. क्लार्कच्या मनात काही वाईट नव्हतं असं मला वाटतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. पण त्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी क्लार्कचं बोलणं हाच कायदा असतो.

पत्नी आमच्याकडे आली तेव्हा मृत्यूला सहा आठवडे झाले होते. तिच्या पिशवीत मृत्यूचा एकच दाखला, एक पगार स्लिप आणि बँकेचं पासबुक होतं. ईडीएलआय हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. कसा ऐकणार? या विम्याचा एक रुपयाही कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, सगळा हप्ता मालक भरतो, त्यामुळे पगार स्लिपवर त्याची ओळच नसते. पीएफ असलेला कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्यांना मिळणारी ही विम्याची रक्कम पुष्कळदा पीएफच्या शिलकीहून कितीतरी मोठी असते. इथेही तसंच होतं.

हिशेब आधी मांडला

भांडण पैशाचं होतं, पण पैसा नेमका किती हे दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं. म्हणून पहिलं काम हिशेबाचं केलं.

पीएफची शिल्लक १,४२,००० रुपये. कोविडच्या वेळी त्याने थोडी उचल घेतली होती, नाहीतर जास्त असती. ईडीएलआयचा हिशेब असा: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, अधिक त्याच काळातल्या पीएफच्या सरासरी शिलकीच्या निम्मी रक्कम. पगार १५,००० पर्यंतच धरतात, शिलकीचा भाग १,७५,००० च्या वर जात नाही, म्हणून कमाल सात लाख. इथे १२,००० गुणिले ३५ म्हणजे ४,२०,०००. सरासरी शिल्लक १,२६,०००, तिचे निम्मे ६३,०००. एकूण ४,८३,०००. पीएफ आणि ईडीएलआय मिळून ६,२५,०००.

ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे नोकरीच्या वर्षांप्रमाणे मालकाने द्यायच्या रकमेबद्दल, ऑफिसने काहीच सांगितलं नव्हतं. नोकरी सहा वर्षं सात महिन्यांची. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षं. १२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७: म्हणजे ४८,४६१ रुपये. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अटही नसते. सहा महिनेच नोकरी केलेला कामगार गेला असेल आणि घरच्यांना "पाच वर्षं झाली नव्हती" असं सांगून परत पाठवलं असेल, तर ते चूक आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण महिन्याला एखादं तरी घर हे ऐकून आमच्याकडे येतं.

मग पासबुक. जून २०२२ च्या पानावर २० रुपयांची एक वजावट होती: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. तिच्याच शेजारी दुसरी, दोन लाखांच्याच जीवन ज्योती विमा योजनेची, असायला हवी होती. आदल्या वर्षी ३३० रुपये गेलेले दिसत होते. पण १ जून २०२२ पासून तो हप्ता ४३६ झाला होता आणि त्या दिवशी खात्यात ३९१ रुपये होते. पगार सात तारखेला जमा झाला. वजावट झाली नाही, विमा बंद पडला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. ४५ रुपयांच्या फरकाने दोन लाख गेले. ते पान मी पत्नीला दाखवावं की नाही, यावर मी बराच वेळ विचार केला. शेवटी दाखवलं, कारण माहेरच्या कुणीतरी तिला "दोन्ही विमे मिळतात" असं सांगितलं होतं आणि ती त्या आशेवर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दिरांचा: जुन्या नॉमिनेशनवर आईने एकटीने दावा करायचा. हा टिकणारा नव्हता. पीएफ योजनेच्या परिच्छेद ६१ नुसार लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं, नवं करावं लागतं. फॉर्म २०१६ चा, लग्न मे २०१८ चं. म्हणजे मृत्यूच्या दिवशी नॉमिनेशन अस्तित्वातच नव्हतं. तसं नसेल तर पैसे कुटुंबातल्या पात्र व्यक्तींना समान वाट्याने जातात, आणि ईडीएलआयही त्याच वाटेने जातो. सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली त्या वाटणीत येत नाहीत. भाऊ तर कुठल्याच यादीत नाही.

दुसरा पर्याय पत्नीच्या माहेरचा: आईला वाटणीतून बाहेर काढायचं. पीएफच्या व्याख्येत पत्नी आणि मुलं सरळ येतात, पण आईवडील 'अवलंबून असलेले' लागतात. थोरला मुलगा कमावतो, तेव्हा आई मृतावर अवलंबून नव्हती, असं म्हणता आलं असतं. मग ६,२५,००० पत्नी आणि मुलगी दोघींतच वाटले गेले असते. कागदावर शक्यता होती. पण रेशनकार्ड एकच होतं, आई त्याच घरात राहत होती, तिचं औषधपाणी हाच मुलगा बघत होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. वाद घातला असता तर चौकशी, हरकती, आणि सगळ्यांचेच पैसे अडकले असते.

तिसरा पर्याय: तिघींनी मिळून दावा करायचा.

माझं मत तिसऱ्या पर्यायाकडे होतं आणि ते मी लपवलं नाही. पण पत्नीला मी स्पष्ट सांगितलं की दुसरा पर्याय निवडण्याचा तिला हक्क आहे, आणि तो निवडला तर आम्ही मदत थांबवणार नाही. तिने दोन दिवस मागून घेतले.

बैठक

बैठक गावात झाली, सासूबाईंच्या ओसरीवर. वकील नको असं मी सुचवलं आणि दोन्ही बाजूंनी ते मानलं. पत्नीचे वडील, थोरले दीर, जाऊबाई, गावातले एक निवृत्त शिक्षक आणि आम्ही दोघी.

पहिला अर्धा तास फक्त आरोप झाले. मग सासूबाई बोलल्या. त्या तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "पैशाचं मला कळत नाही ताई. ही लेकरू आहे अजून. उद्या दुसऱ्या घरी गेली तर मला कोण बघंल?" त्यावर सून म्हणाली, "आत्या, तुमचे पैसे तुम्हालाच मिळू द्या. पण तुमच्या नावाने निघून ते दादांच्या घराच्या स्लॅबमध्ये जायला नकोत, एवढंच माझं म्हणणं."

माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे वळलं. वरवर भांडण नॉमिनेशनचं दिसत होतं. एकीला भीती होती म्हातारपणाची, दुसरीला भीती होती की आईच्या आडून पैसा तिसऱ्याच्या हाती जाईल. या दोन भीती एकमेकींच्या आड येत नव्हत्या. दोन्हींना एकाच वेळी उत्तर देता येत होतं.

आणि ते उत्तर मुख्यतः ईएसआयमध्ये होतं. कामाशी संबंधित अपघातात मृत्यू झाला तर ईएसआय अवलंबितांना दरमहा रक्कम देते, सरासरी दैनिक पगाराच्या ९० टक्के दराने. पत्नीला तीन पंचमांश आणि अविवाहित मुलीला दोन पंचमांश हा मूळ हिशेब. विधवा आईही पहिल्या फळीतली अवलंबित मानली जाते, तिचाही वाटा बसतो, आणि बेरीज पूर्ण दरापेक्षा जास्त झाली तर सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात खाली येतात. या घरासाठी तिघींचं मिळून महिना १४ हजारांच्या आसपास. सासूबाईंच्या वाट्याची रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यात, हयात असेपर्यंत, सून कुठेही असली तरी. पत्नीचा वाटा तिने पुन्हा लग्न केलं तर थांबतो. तेही मी सगळ्यांसमोर सांगितलं. हे तिला नंतर कळलं असतं तर तो विश्वासघात झाला असता.

पीएफच्या पेन्शनचं मात्र उलट. तिथे पत्नी आणि मुलगी असताना आईला काही नाही. पत्नीला किमान १,००० रुपये, मुलीला पत्नीच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत. एक योजना आईला धरते, दुसरी धरत नाही. सासूबाईंनी हे दोनदा विचारून घेतलं आणि मग मान हलवली.

ठरलं ते असं: पीएफ, ईडीएलआय आणि ग्रॅच्युइटीचे तीन समान वाटे. सासूबाईंचा वाटा त्यांच्या एकटीच्या खात्यात, आणि त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत. मुलीचा वाटा मुलीच्या नावे. दीर नाराज होते, पण शिक्षकांनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि त्यांनी सह्यांना विरोध केला नाही.

ईएसआय: वेळ सिद्ध करणं

हक्क आहे हे सांगणं सोपं होतं, तो मान्य करून घेणं अवघड. ईएसआय कायद्यात २०१० साली कलम ५१ई आलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात कामाशी संबंधित मानला जातो, पण वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. कारखान्याने अपघाताची सूचना दिलीच नव्हती. ती देण्यासाठी लेखी अर्ज केला, त्यासोबत कलमाची प्रत जोडली. आठवड्यात सूचना गेली.

खरी अडचण वेळेची होती. कारखान्याच्या पंचिंग यंत्रात बाहेर पडण्याची वेळ रात्री ११:३८. अपघाताची जागा कारखान्यापासून १४ किलोमीटरवर. पण पोलिसांच्या कागदात वेळ पहाटे २:३०. मधल्या तीन तासांत हा माणूस कुठे होता, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. ती वेळ खबर नोंदवल्याची होती, अपघाताची नव्हती. पण कागदावर दुसरी वेळ नव्हती.

रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या नोंदवहीत रुग्ण आणल्याची वेळ १२:५० सापडली. १०८ रुग्णवाहिकेला कॉल आल्याची नोंद १२:१४ ची. या दोन नोंदींच्या प्रती मिळवायला दीड महिना गेला, पण त्या जोडल्यावर पुढे शंका राहिली नाही. त्याच्यासोबत सुटलेल्या दोन कामगारांनी तो थेट घराकडे निघाल्याचे जबाब दिले.

ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धाराशिव जिल्ह्यातला साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटेच्या ड्युटीला जाताना अपघातात गेला. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालच्या त्याच्या कुटुंबाच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला आणि घर ते कामाचं ठिकाण हा प्रवासही, संबंध दिसत असेल तर, कामाचाच भाग धरला. बावीस वर्षांनी. ईएसआय असलेल्या कुटुंबाला मात्र मालकाकडून त्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही.

बाकीची कामं

पत्नीच्या आधारवर माहेरचं नाव होतं आणि लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि प्रतिज्ञापत्रावर काम भागलं, पण दोन महिने गेले. ग्रॅच्युइटीसाठी नॉमिनेशन फॉर्म कधी भरलाच नव्हता, म्हणून रक्कम वारसांची: पत्नी, मुलगी, आई. कारखान्याने आधी कोर्टाचा वारसदाखला मागितला. इतक्या छोट्या रकमेसाठी आणि वाद नसताना तो आग्रह सोडावा असं पत्र तिघींच्या वतीने दिलं, आणि ते मान्य झालं. मुलीचा वाटा कायद्याप्रमाणे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटी कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जमा झाला.

कामगारांच्या पतसंस्थेचं ५२,००० रुपयांचं कर्ज बाकी होतं. ते ग्रॅच्युइटीतून कापून घ्या, असं कुणीतरी सुचवलं होतं. ग्रॅच्युइटीला जप्ती लागत नाही, हे सांगून ते थांबवलं. पण जामीनदार त्याचेच दोन सहकारी होते, ज्यांनी जबाब दिले तेच. पत्नीने सुरक्षा विम्याचे दोन लाख आले तेव्हा त्यातून कर्ज फेडलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतः ठरवलं.

अंत्यविधीसाठीचे ईएसआयचे १५,००० कुटुंबातल्या ज्येष्ठ म्हणून सासूबाईंना मिळाले. खर्च थोरल्या दिरांनी केला होता. सासूबाईंनी ते त्यांच्या हातात ठेवले. त्यानंतर दिरांची भाषा बदलली, हे मी पाहिलं आहे.

निष्पत्ती

सुरक्षा विम्याचे दोन लाख मृत्यूनंतर चार महिन्यांत आले. पीएफ आणि ईडीएलआय सात महिन्यांत, प्रत्येकीला २,०८,३३३ रुपये. पेन्शन त्यानंतर दोन महिन्यांनी, थकबाकीसह. ईएसआयची मासिक रक्कम मंजूर व्हायला अकरा महिने लागले. तीही मृत्यूच्या तारखेपासून धरून मिळाली. पत्नी मुलीसह सासरी परत आली आहे. गावातच शिवणकाम करते.

काय वेगळं करता आलं असतं

आमच्या चुका आधी सांगते. पहिल्या भेटीत मी पत्नीकडून कागद मागवले आणि सासूबाईंना भेटायला तीन आठवड्यांनी गेले. मधल्या काळात त्यांना वाटलं की मी सुनेची माणूस आहे. दोघींना एकाच आठवड्यात भेटायला हवं होतं. दुसरी चूक: १०८ च्या नोंदीची आठवण मला पोलिसांच्या कागदावर शंका आल्यानंतर झाली. रस्त्यावरच्या अपघातात पंचिंगची नोंद, रुग्णवाहिकेची नोंद आणि रुग्णालयाची नोंद ही तिन्ही पहिल्याच पंधरवड्यात मागायची असतात. आता आम्ही तसंच करतो. मृत्यूचे दाखलेही एकाऐवजी दहा काढायला सांगतो, कारण प्रत्येक ठिकाणी मूळ प्रत मागतात.

कारखान्याकडून झालेली चूक नेमकी एका ठिकाणी होती. २०१८ मध्ये लग्नासाठी त्याने रजा घेतली, रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं. तो अर्ज हाताळणाऱ्या टेबलावरच नव्या नॉमिनेशनची आठवण करून देता आली असती. पीएफचं ई-नॉमिनेशन आता मोबाइलवरही करता येतं, फक्त आधार जोडलेलं आणि फोटो चढवलेला हवा. या कारखान्याने नंतर एक दिवस टेबल लावून सगळ्यांची ई-नॉमिनेशनं करून घेतली. त्या टेबलावर तोच क्लार्क बसला होता.

आणि दुसऱ्या पर्यायाबद्दल. वकिलांपैकी काहींना अजूनही वाटतं की पत्नीने आईचा वाटा आव्हान द्यायला हवा होता, तिला जवळपास एक लाख जास्त मिळाले असते. हिशेब बरोबर आहे. तिने तो हिशेब केला होता, माझ्यासमोर, वहीच्या मागच्या पानावर.

ट्रॉलीमालकाविरुद्धचा मोटार अपघात दावा हा वेगळा विषय. तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो, म्हणून एप्रिल २०२३ मध्येच केला. पीएफ, विमा आणि पेन्शन मिळाली म्हणून त्या दाव्यातून ती रक्कम वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच, महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात, सांगितलं आहे. दावा अजून चालू आहे. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर होते की नव्हते, यावर पंचनामा करणाऱ्या पंचाची साक्ष व्हायची आहे. मागच्या तारखेला तो आला नव्हता. सासू आणि सून दोघी सकाळच्या एसटीने आल्या होत्या आणि पुढची तारीख घेऊन परत गेल्या.